किल्ल्यातल्या पंगतीला कुठला खडू?

दिवाळीच्या सुट्टीत भाची रंगवही घेऊन माझ्याकडे आली होती. दोन पानं भरून एकच चित्र होतं. युरोपातला किल्ला, आत लांबलचक टेबल, मधोमध मुकुट घातलेला राजा. त्याच्यासमोर अख्खा भाजलेला टर्की पक्षी, टोमॅटो, मक्याची कणसं, गाजरं आणि वाफाळते बटाटे. भिंती तिने आधीच तेलखडूने करड्या करून टाकल्या होत्या. राजाच्या हातातल्या काट्याला चंदेरी रंग देऊन झाला होता.

"मावशी, बटाट्याला कुठला रंग देऊ?"

"बटाटा खोडून टाक," मी म्हटलं. तिला ती थट्टा वाटली. पण त्या चित्रात खोडण्यासारखं बरंच होतं. त्या दुपारी आम्ही रंगवण्यापेक्षा खोडण्यातच जास्त वेळ घालवला. तिला जे सांगितलं ते इथे लिहून ठेवते आहे, कारण अशी चित्रं पुष्कळ मुलांच्या हातात पडतात.

आधी 'किल्ला' या शब्दाचं बघू. किल्ला म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर डोंगर, तट, बुरूज आणि शिबंदी येते. इंग्लंड-फ्रान्समधला मध्ययुगातला, म्हणजे साधारण अकराव्या ते पंधराव्या शतकातला किल्ला त्यापेक्षा आपल्या गढीच्या जास्त जवळचा. एखादा सरदार किंवा राजा आपल्या कुटुंबासकट, नोकरचाकरांसकट तिथे राहायचा. घर आणि तटबंदी एकाच ठिकाणी. या घराचा जीव म्हणजे एक प्रचंड दालन. तिथेच जेवण, तिथेच न्यायनिवाडा, आणि रात्री बरेचसे नोकर तिथेच पथाऱ्या टाकून झोपायचे. म्हणून टेबलंसुद्धा कायमची नसत. लाकडी घोड्यांवर फळ्या टाकल्या की टेबल झालं, जेवण उरकलं की फळ्या भिंतीला टेकवून ठेवल्या. लग्नाच्या हॉलमध्ये पंगत उठल्यावर टेबलं घडी करतात ना, तोच प्रकार. केंट परगण्यातल्या पेन्सहर्स्ट प्लेसमध्ये १३४१ मध्ये बांधलेलं असं एक दालन अजून उभं आहे. तो किल्ला नव्हे, मोठा वाडा आहे, पण दालन तसंच. जमिनीच्या मधोमध उघडी शेकोटी आणि वर उंच लाकडी छत. धुराने तिथे डोळे किती चुरचुरत असतील ते रंगवहीत दिसत नाही.

दालनाच्या एका टोकाला जमीन वीतभर उंच केलेली असायची. त्या चौथऱ्यावर यजमान, त्याची बायको आणि मानाचे पाहुणे बसत, तेही टेबलाच्या एकाच बाजूला, म्हणजे सगळ्यांना ते दिसावेत आणि त्यांना सगळे. बाकीचे खाली, दालनाच्या लांबीने लावलेल्या टेबलांवर. मानकऱ्यांच्या टेबलावर पांढरंशुभ्र कापड. हे कापड रंगवायचंच नाही, पान कोरं ठेवायचं. पांढरं कापड पांढरं राखणं हीच श्रीमंती होती.

त्या कापडावर मिठाचं भांडं. ते साधंसुधं नसे. फ्रान्समधले मोठे लोक सोन्या-चांदीचं जहाज बनवून घेत, शिडं-डोलकाठ्यांसकट, आणि ते यजमानापुढे ठेवलं जाई. मिठापासून तुम्ही किती जवळ बसलात यावरून तुमची पत ठरायची. आपल्याकडे पंगतीत पहिलं पान कुणाचं यावरून रुसवेफुगवे होतात, तिकडे ते मिठावरून होत असणार.

आणि ताट? ताट बहुधा पावाचंच. तीन-चार दिवसांचा शिळा, कडक पाव जाड कापून प्रत्येकापुढे ठेवत आणि त्यावर मांस वाढत. रस पावात मुरायचा. जेवण संपलं की ही भिजलेली ताटं गोळा करून दाराबाहेरच्या गरिबांना देत, नाहीतर कुत्र्यांना टाकत. आपली पत्रावळ गाईच्या पुढ्यात जाते, त्यांची थेट माणसाच्या पोटात जायची. रंग अर्थात तपकिरी.

पाव ही इतकी मोठी गोष्ट होती की इंग्रजीतला 'लॉर्ड' हा शब्दच जुन्या इंग्रजीतल्या 'पाव राखणारा' या अर्थाच्या शब्दापासून झाला आहे, आणि 'लेडी' म्हणजे मुळात 'पीठ मळणारी'. आपण मालकाला अन्नदाता म्हणतो ते आठवतं. असाच दुसरा शब्द 'मेस'. पुण्यात शिकायला आलेली पोरं ज्या मेसमध्ये जेवतात तो हा शब्द मध्ययुगीन जेवणाच्या टेबलावरून आला आहे. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ होता वाढलेला पदार्थ. मग एका भांड्यात दोघा-चौघांना मिळून जे वाढत ते मेस, आणि ते मिळून जेवणारे तेही मेस. पेलासुद्धा अनेकदा दोघांत एक. भाचीचा चेहरा इथे वाकडा झाला. "म्हणजे उष्टं?" हो, उष्टं. म्हणूनच दुसऱ्याला पेला देण्याआधी तोंड पुसायचं, असा दंडक होता.

मात्र ते गलिच्छ होते असं समजू नये. सिनेमात दाखवतात तसं तंगडी ओरबाडून हाड मागे फेकणं हे तेव्हाही गावंढळपणाचंच लक्षण मानलं जाई. जेवणाआधी नोकर झारी आणि तस्त घेऊन येत आणि सुवासिक पाण्याने हात धुवायला घालत. कारण जेवण हातानेच. ज्याची सुरी त्याच्या कमरेला, रस्सा खायला चमचा, आणि बाकी सगळं बोटांनी. काटा जवळजवळ नव्हताच. इटलीत त्याची चाल आधी पडली. थॉमस कोर्‌यट नावाच्या इंग्रज प्रवाशाने इटलीत लोक काट्याने जेवताना पाहिले आणि १६११ साली आपल्या प्रवासवर्णनात नवलाने लिहिलं. तोवर मध्ययुग कधीच संपलं होतं. तेव्हा राजाच्या हातातला तो चंदेरी काटा आम्ही खोडला.

मग आलो बटाट्यावर.

बटाटा, टोमॅटो, मका, टर्की पक्षी आणि मिरची, हे सगळं मुळात अमेरिका खंडातलं. कोलंबस १४९२ मध्ये तिकडे पोचला, त्यानंतर या गोष्टी हळूहळू युरोपात आल्या. त्याआधीच्या कुठल्याही किल्ल्यात, कितीही मोठा राजा असला तरी, एक बटाटा दिसणार नाही. आणि हे फक्त त्यांच्यापुरतं नाही. मिरची, बटाटा, टोमॅटो आपल्याकडे आले ते पोर्तुगीजांची जहाजं गोव्याला लागू लागल्यानंतर. त्याआधी महाराष्ट्रातला तिखटपणा मिऱ्यांचा होता, मिरचीचं नावसुद्धा मिरीवरूनच पडलेलं. आपल्या उपवासाच्या ताटाचीच गंमत बघा. बटाटा, रताळं, शेंगदाणे, मिरची, आणि ज्या कंदापासून साबुदाणा होतो तो टॅपिओका, सगळी मंडळी अमेरिकेची. एकादशीचं ताट इतकं परदेशी आहे हे ऐकून माझी आई अजून माझ्यावर चिडते.

गाजर मात्र खोडायचं नाही, त्याचा रंग बदलायचा. आजचं नारिंगी गाजर युरोपात रुळलं ते सोळाव्या-सतराव्या शतकात. त्याआधीची गाजरं जांभळी, पिवळी किंवा पांढरी. भाचीने जांभळा खडू उचलला आणि मग तिला खरा रस वाटायला लागला.

कारण या मेजवान्यांबद्दल आपली सगळ्यात मोठी चूक हीच आहे, की आपण त्या करड्या आणि तपकिरी समजतो. दगडी भिंत, भाजलेलं मांस, मातकट कपडे. प्रत्यक्षात तिथल्या आचाऱ्यांना रंगाचं वेड होतं. इंग्लंडचा राजा दुसरा रिचर्ड याच्या आचाऱ्यांनी १३९० च्या सुमारास सांगितलेल्या सुमारे दोनशे पाककृती एका चर्मपत्राच्या गुंडाळीवर आजही टिकून आहेत. त्यात चवीइतकीच काळजी रंगाची. पिवळ्यासाठी केशर. हिरव्यासाठी पार्स्ली, म्हणजे कोथिंबिरीच्या कुळातला पाला वाटून. लाल रंगासाठी रक्तचंदन, तेच, जे आपण उगाळून लेप लावतो. ते तर आपल्या दक्षिणेतल्या जंगलातलं लाकूड, समुद्र ओलांडून लंडनच्या मुदपाकखान्यात पोचायचं. काळ्या रंगासाठी शिजवलेलं रक्त. पांढऱ्यासाठी बदामाचं दूध, तांदूळ आणि कोंबडीचं पांढरं मांस यांचा खिमट खिरीसारखा पदार्थ, वर साखर भुरभुरवलेली. आपल्याला तांदूळ म्हणजे रोजचं, पण तिकडे तो परदेशातून यायचा आणि महाग पडायचा. साखर तर मसाल्यांत मोडायची.

भाजलेल्या मांसाला सोनेरी करायचीही युक्ती होती. अंड्याचा पिवळा बलक आणि केशर एकत्र फेटून भाजता भाजता वरून फासत, की पक्षी सोन्याचा दिसू लागे. ज्यांना परवडे ते खरा सोन्याचा वर्ख लावत. मिठाईवर चांदीचा वर्ख लावणाऱ्या आपल्या लोकांना यात नवल वाटू नये.

एक गैरसमज इथेच काढून टाकते: मांस नासलेलं असायचं आणि तो वास लपवायला मसाले घालत, असं सांगतात. ते पटण्यासारखं नाही. मिरी मलबारहून अरब व्यापाऱ्यांच्या गलबतांतून तांबड्या समुद्रात, तिथून इजिप्त, मग व्हेनिस, आणि मग कुठे उत्तरेला. प्रत्येक टप्प्यावर जकात आणि नफा. ज्याला हे मसाले परवडत त्याला ताजं मांस सहज परवडत होतं. मसाला लपवण्यासाठी नव्हता, मिरवण्यासाठी होता.

मिरवण्याची हद्द म्हणजे मोर. मोराची कातडी पिसांसकट अलगद सोलून ठेवत, मांस भाजत, आणि मग ती कातडी त्यावर पुन्हा चढवत. पिसारा फुललेला, मान ताठ, जणू जिवंत मोर परातीत बसला आहे. चोचीत कापसाचा बोळा, त्यात कापूर, आणि आणण्याआधी तो पेटवायचा. म्हणजे मोर तोंडातून ज्वाला काढत दालनात येणार, पुढे तुताऱ्या वाजत असणार. मोराचं मांस चिवट असतं म्हणतात, पण चवीसाठी तो मागवलाच कुणी होता!

माझा आवडता आचारी मात्र इंग्लंडचा नाही. आल्प्सच्या डोंगरात सव्हॉय नावाचं संस्थान होतं, आज तो भाग फ्रान्स, इटली आणि स्वित्झर्लंड यांत वाटला गेला आहे. तिथला ड्यूक आठवा आमादेउस याच्याकडे शिकार नावाचा मुख्य आचारी होता. (हे त्याचं नाव. आपल्या शिकारीशी त्याचा काही संबंध नाही.) त्याने १४२० मध्ये आपली सगळी विद्या एका लेखनिकाला सांगून लिहवून घेतली. मोठी मेजवानी असेल तर किती महिने आधी शिकारी पाठवायचे, सरपण किती, कढया किती, भटारखान्यात कोण कुठे उभं राहील, सगळं. आपल्याकडचा एखादा कसलेला केटरर वहीत लिहून ठेवेल तसं.

त्याच्या वहीत एक किल्ला आहे, खायचा किल्ला. चार माणसांनी खांद्यावर वाहून आणायचा, चार बुरुजांचा. एका बुरुजात रानडुकराचं डोकं, अर्धं हिरवं आणि अर्धं सोनेरी, तोंडातून आग ओकणारं. दुसऱ्यात पाइक नावाचा मोठा मासा, तीन तऱ्हांनी शिजवलेला: शेपटी तळलेली, मधला भाग उकडलेला, डोकं भाजलेलं, आणि तरीही मासा अख्खाच. तिसऱ्यात रंग चढवलेलं डुकराचं पिल्लू. चौथ्यात आपलीच पिसं पुन्हा नेसलेला हंस, तोही आग ओकणारा. आणि मधल्या अंगणात कारंजं, ज्यातून गुलाबपाणी आणि मसाल्याची वाईन उडते. दिवाळीत मुलं अंगणात मातीचा किल्ला करतात, त्यावर मावळे मांडतात. या माणसाने तो खाण्याचा केला, आणि तोही खऱ्या किल्ल्याच्या आत. भाचीने रंगवही बाजूला सारली आणि कोऱ्या कागदावर हेच काढायला घेतलं.

मग आकडे. मुलांना आकडे आवडतात. सप्टेंबर १४६५ मध्ये यॉर्कशरमधल्या कॅवूड किल्ल्यात जॉर्ज नेव्हिल यॉर्कचा आर्चबिशप, म्हणजे तिथला मुख्य धर्मगुरू, झाला त्याची मेजवानी झाली. तिच्या सामानाची यादी आपल्यापर्यंत पोचली आहे. १०४ बैल. १,००० मेंढ्या. २,००० बदकं-हंसांच्या जातीतले गूस पक्षी. ४०० हंस. १०४ मोर. पॉरपॉइज आणि सील हे समुद्रातले प्राणी मिळून १२. आणि ३०० अवाढव्य पिंपं भरून एल, म्हणजे जवाची दारू. यादी फुगवलेली असेलही, अशा याद्या मिरवायलाच असतात. पाहुण्यांत राजाचा धाकटा भाऊ होता, वय वर्षं बारा. तो पुढे तिसरा रिचर्ड म्हणून गादीवर बसला. बारा वर्षांच्या मुलाने १०४ मोर बघून काय केलं असेल याचा विचार करायला मला आवडतं.

पण बहुतेक मुलं पाहुणी नसत, वाढपी असत. सरदारांच्या घरचे मुलगे सातव्या वर्षाच्या सुमारास दुसऱ्या सरदाराकडे धाडले जात. तिथे हात धुवायला पाणी घालणं, पेला भरणं, रांगेने ताटं आणणं, मोठ्यांनी विचारल्याशिवाय न बोलणं, हेच शिक्षण. चौदाव्या वर्षाच्या आसपास त्यातला एखादा मोठ्यांसमोर मांस कापायला उभा राहायचा. तो मान समजला जाई, कारण हंस कापण्याची पद्धत वेगळी आणि बगळा कापण्याची वेगळी. मुलांसाठी तेव्हा पद्यात शिष्टाचार लिहिलेले आहेत, १४७५ च्या सुमाराचे. टेबलक्लॉथला नाक पुसू नये, सुरीने दात कोरू नयेत, घास मिठाच्या भांड्यात बुडवू नये. जे करू नये म्हणून सांगतात, ते कुणीतरी करत असतंच.

आणि हे सगळं रोज चालायचं नाही. ख्रिस्ती पंचांगात उपासाचे दिवस पुष्कळ. दर शुक्रवार, बऱ्याचदा बुधवार-शनिवारही, शिवाय ईस्टरआधीचे चाळीस दिवस, म्हणजे लेंट. त्या दिवशी मांस, आणि लेंटमध्ये दूध, लोणी, अंडीसुद्धा बंद. मासे चालत. उपास म्हटला की पळवाटा आल्याच, हे आपल्याला कुणी सांगायला नको. बार्नकल गूस नावाचा पक्षी तिथे उन्हाळ्यात घरटं करताना दिसत नसे, म्हणून तो समुद्रात तरंगणाऱ्या लाकडावर उगवतो अशी समजूत झाली. गेराल्ड ऑफ वेल्स या धर्मगुरूने बाराव्या शतकाच्या अखेरीस लिहून ठेवलं आहे की आयर्लंडमध्ये काही बिशप तो उपासाला खुशाल खातात, कारण तो मांसापासून जन्मलेला नाही! इंग्लंडचा राजा पाचवा हेन्री याच्या राणीचा, कॅथरिनचा राज्याभिषेक फेब्रुवारी १४२१ मध्ये नेमका उपासाच्या चाळीस दिवसांत आला. तेव्हा अख्खी मेजवानी माशांची झाली, आणि डामडौल तसूभरही कमी नव्हता.

आता चित्रच रंगवायचं तर एक अस्सल चित्र समोर ठेवावं. फ्रान्समध्ये ड्यूक ऑफ बेरी नावाचा हौशी माणूस होता. त्याच्यासाठी लिंबूर्ग आडनावाच्या तीन भावांनी १४१२ ते १४१६ या काळात एक प्रार्थनापुस्तक रंगवलं. पॅरिसजवळ शांतिईच्या राजवाड्यात ते आजही आहे. त्यातलं जानेवारीचं पान म्हणजे नववर्षाची मेजवानी. ड्यूक निळ्याभोर, सोनेरी वेलबुट्टीच्या अंगरख्यात बसला आहे. हा निळा रंग लाजवर्द दगड कुटून केलेला, आणि तो दगड अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणीतला. मागे युद्धाचं चित्र विणलेला पडदा. शेकोटीसमोर वेताची गोल जाळी, ती नेमकी ड्यूकच्या डोक्यामागे आल्याने देवाच्या प्रभावळीसारखी दिसते. टेबलाच्या टोकाला सोन्याचं जहाज. आणि पांढऱ्या टेबलक्लॉथवर, ताटांच्या मधून, दोन छोटी कुत्री आरामात फिरताहेत. कुणी त्यांना हाकलत नाही. पुस्तक अपुरं राहिलं, कारण १४१६ मध्ये ड्यूकही गेला आणि तिघे भाऊही.

कपड्यांना मात्र सरसकट भडक रंग देऊ नका. इंग्लंडमध्ये १३६३ साली कुणी काय नेसावं याचा कायदाच झाला होता. शेतमजुरांनी फक्त घोंगडीसारखं जाडंभरडं आणि मातकट लोकरीचं कापड वापरायचं, असं त्यात होतं. लोकांनी तो फारसा मानला नाही आणि लवकरच तो रद्दही झाला. पण खालच्या टेबलांवर मळखाऊ रंग आणि चौथऱ्यावर लाल, निळा, सोनेरी, हे ढोबळ गणित बरोबर आहे.

राहिल्या भिंती. आज उघडे दगड दिसतात ते गिलावा आणि चुना गेल्यामुळे. लंडनच्या किल्ल्यातल्या मुख्य बुरुजाला 'व्हाइट टॉवर' म्हणतात ते तिसऱ्या हेन्रीने १२४० मध्ये त्याला बाहेरून चुना फासला म्हणून. स्कॉटलंडमधल्या स्टर्लिंग किल्ल्याचं मोठं दालन दुरुस्त केलं तेव्हा त्याला पूर्वीसारखा पिवळसर सोनेरी चुन्याचा रंग दिला, आणि करड्या खडकावरचं ते पिवळंधमक दालन बघून गावातले काही लोक नाराज झाले. आतल्या भिंतींवर रेषा, फुलं आणि गोष्टींची चित्रं काढत, नाहीतर पडदे लावत.

भाचीच्या चित्रात आता राजाच्या हातात काटा नव्हता, बटाट्यांच्या जागी पावाची ताटं होती, गाजरं जांभळी होती, टर्कीला पिसारा फुटून त्याचा मोर झाला होता आणि टेबलावर दोन कुत्री चढली होती. भिंती तेवढ्या करड्याच. तेलखडू पुसला जाईना, खोडरबराने नुसता काळपट फराटा उठला. तिने थोडा वेळ बघितलं आणि म्हणाली, "राहू दे. यांच्याकडे दिवाळीचा चुना लागायचाय अजून."